पाळण्याच्या दोरीवरची रांग

रत्नागिरी,
२ जून

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही आणि आता लिहायला बसलो तो मुंग्यांपायी, याची मला लाज वाटते. पण ही हकीगत दुसरा कोणीही हसण्यावारी नेईल. प्रकृती सर्वांची ठीक आहे. न्हाणीघरात मुंग्या दिसताच हिने माझी साखर तपासायला लावली. ती वाढलेली नाही.

मुग्धा बाळंतपणासाठी आलेली आहे. तुझ्या नि माझ्या झोपाळ्याने ज्या कडीची तुळई हलवली होती, त्याच कडीला पाळणा टांगला आहे. तीनेक आठवड्यांपूर्वी पहाटे बाळ किंचाळून उठले. बॅटरी लावून पाहतो तर तुळईपासून दोरीवरून बारीक पिवळट मुंग्यांची रांग थेट दुपट्यात उतरलेली, आणि बाळाच्या ओठांच्या कडेला, वाळलेल्या दुधावर, पाच-सहा मुंग्या. मुग्धाने पदराने त्या टिपल्या आणि माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच त्यांना आवतण दिले होते.

माझा उतावळेपणा तुला ठाऊक आहे. मायलेकरांना पडवीलगतच्या खोलीत हलवले, दुकान उघडताच फवाऱ्याचा डबा आणला आणि रांग पुसून टाकली. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी त्या देवघरात, धान्याच्या खोलीत आणि विजेच्या बटणांच्या पेटीतून निघाल्या. मग एका फवारणीवाल्याला बोलावले. त्याने माझ्यापेक्षा मोठा फवारा मारला आणि माझ्यापेक्षा मोठा घोळ करून ठेवला.

अखेर प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या पुतण्याने भिंग लावून पाहिले. जिला १७५८ साली लिनियसने नाव दिले तीच ही फॅरो मुंगी, लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. हिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात, आणि फवाऱ्यासारखा धोका जाणवला की काही राण्या, काही कामकरी मुंग्या अंडी-अळ्या उचलून वेगळी चूल मांडतात. म्हणजे आमच्या घराण्यात तीन पिढ्या कोर्टालाही जी वाटणी जमली नाही, ती मी एका डब्यात करून दिली!

पुतण्या म्हणाला, “काका, बोरिक पावडर आणा,” आणि मला एकदम माळ्यावरचा कॅरम आठवला. तुझा तो पत्र्याचा डबा अजून तिथेच आहे. तू पावडर मुठीने उधळायचास आणि मी चिडायचो. तुझ्यामुळे सोंगटी थांबत नाही म्हणून आपण चार महिने अबोला धरला होता. यावेळी मात्र मुठीने पावडर मी घातली. ताजी आणून गुळाच्या पाण्यात चमचाभर ढवळली, तर मुंग्या बशीच्या काठावरच मरून पडल्या आणि बाकीच्यांनी वाट बदलली. कामकरी मुंगीने ते पाणी पोटात घेऊन घरी न्यावे आणि तोंडाने राणीला, अळ्यांना भरवावे, एवढा वेळ ती जगली पाहिजे. म्हणून शेजारच्या सोनाराकडून एक ग्रॅम तोलून आणली. शंभर मिलिलिटर पाणी, दहा ग्रॅम साखर, त्यात कापसाचे बोळे, आणि ते बाटल्यांच्या झाकणांत घालून बाळाचा हात पोहोचणार नाही अशा कपाटांच्या मागे ठेवले.

पहिल्या दिवशी मुंग्या इतक्या लोटल्या की हिने झाकणे फेकायला घेतली होती. हात धरून बसलो. असा धीर मी आयुष्यात धरलेला नाही. आई रोज अंगणात मुंग्यांना साखर घालते. मीही साखरच घालतो आहे, असे तिला सांगितले, पण सांगताना तिच्याकडे पाहवले नाही.

आज बारावा दिवस आहे. देवघर आणि धान्याची खोली मोकळी झाली आहे. बटणांच्या पेटीतून अजून तीन-चार येतात आणि माझी झोप तिथेच अडकलेली आहे, कारण मुग्धा शनिवारी बाळाला पुन्हा माजघरात आणणार म्हणते. दोरीला वरच्या बाजूला व्हॅसलीन फासलेली चिंधी गुंडाळली आहे. तरी रात्री दोनदा उठून बॅटरी मारतो.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींच्या निवृत्तीला येता आले नाही, क्षमा असावी. सुबोधच्या नोकरीचे कळले, आनंद झाला. पावसाआधी एकदा ये. कॅरम माळ्यावरून खाली काढून ठेवतो. त्या सामन्यात राणी तूच घेतली होतीस, हे आता मान्य करतो. कव्हर मात्र दिले नव्हतेस.

तुझा,
मोहन