टेम्पोवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

अण्णांनी देहदानाचा फॉर्म भरून ठेवलाय, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं. तरी ऐन वेळी एकेकाचे फोन, "अग्नी नाही, दहावा नाही, मग आम्ही येऊन करायचं काय?" पिंडाला कावळा शिवावा म्हणून नदीवर तासन्‌तास बसणारी ही माणसं. अण्णा जिवंत असताना त्यांच्या उंबऱ्याला कधी शिवली नाहीत. देह अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला पोचवायचा होता, पण मयत म्हटल्यावर गाडीवाल्यांनीही हात वर केले. तुम्ही रोजात होतात, वर मार्चचं ऊन. "अंबाजोगाईच ना? चला," एवढंच म्हणालात. प्रवासात रोजा सोडायची मुभा असते, नंतर भरून काढता येतो, हे वाटेत तुम्हीच सांगितलंत. स्वतः मात्र पाण्याला हात लावला नाहीत.

पण मनात घर करून बसलंय ते वेगळंच. अण्णांना टेम्पोत ठेवल्यावर तुम्ही टोपी नीट केलीत, ओठ हलले आणि थांबलात. मला बाजूला घेऊन हळूच म्हणालात, "आमच्यात मयतीला एक आयत म्हणतेत. तुमच्या अब्बांना चाललं असतं का?"

मला चालेल का, असं नाही. अण्णांना. सकाळपासून जो तो त्यांच्या वतीनं बोलत होता, त्यांना काय हवं होतं हे विचारणारे तुम्ही एकटे.

अण्णांनी आधी तुमच्याशी वाद घातला असता, मग "म्हणा" म्हणाले असते. हमीद दलवाई त्यांचं दैवत (नास्तिकालाही एखादं असतं, चालायचंच). १९६६ साली सात मुस्लिम बायकांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढणारा आणि मेल्यावर कसलेही धार्मिक विधी नकोत म्हणून बजावणारा माणूस. धर्माची चिरफाड करा, पण धर्म पाळणाऱ्याचा दुस्वास करू नका, हे अण्णांनी आम्हाला लहानपणापासून ऐकवलं.

परवा एक चुलतभाऊ म्हणाला, "चाचा चांगला आहे रे, पण सगळे तसे नसतात." आपल्या भावकीत तरी सगळे कुठं चांगले आहेत? मला कुराण पटत नाही, गरुडपुराणही पटत नाही. पण दाढीटोपी बघून माणसाला देश सोडायला सांगणाऱ्यांच्यात मी उभा राहणार नाही. आणि हे तुम्ही मदत केलीत म्हणून नाही. नसती केलीत तरी हेच म्हणालो असतो.

डिझेलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते तुमच्या पोराकडं दिलेत. त्याच्यावर रागवू नका, नको नको म्हणत होता, मीच दम देऊन खिशात कोंबले.

तुमचा,
अण्णांचा थोरला