कंट्रीकडे वळले म्हणजे विकले गेले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पंक रॉकवरचा लेख वाचला. पंक बँड कंट्रीकडे, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण गाण्यांच्या परंपरेकडे, वळला की मोठ्या कंपनीचे पैसे आले असं समजावं, हे लेखकाने बिनदिक्कत ठोकून दिलं आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या ‘सोशल डिस्टॉर्शन’ या पंक बँडला तरी ते लागू पडत नाही. एपिक या मोठ्या कंपनीकडून त्यांचा अल्बम आला १९९० मध्ये. त्याआधीच, १९८८ मध्ये, त्यांचा ‘प्रिझन बाउंड’ हा अल्बम एका छोट्या कंपनीने काढला होता आणि कंट्रीचा रंग त्यातच चढलेला आहे. १९८३ चा पहिला अल्बम आणि ‘प्रिझन बाउंड’ यांच्या मधल्या वर्षांत बँडचा गायक माइक नेस हेरॉइनपायी तुरुंगापर्यंत जाऊन आला होता. ते सांगायला पहिल्या अल्बममधल्या वेगवान गाण्यांची नुसती धावपळ कशी पुरणार? तुरुंग, दारू, पस्तावा यांवर कंट्रीवाले कित्येक वर्षं गातच होते.

मी मिरजेत राहतो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्यामुळे माझं लक्ष आधी हाताकडे जातं. कंट्री गायक जॉनी कॅशच्या साथीला सुरुवातीला ड्रमर नव्हता. मेम्फिसच्या सन कंपनीसाठी १९५६ मध्ये ‘आय वॉक द लाइन’ वाजवताना त्याने गिटारच्या तारांत कागद अडकवला आणि त्या खरखरीवर ठेका धरला. मी वहीचं पान अडकवून पाहिलं. आमचा ढोलकीवाला हसला, पण ठेका सापडला! मोजके कॉर्ड, तुटपुंजं सामान आणि आडपडदा न ठेवता गाणं. पंकवाल्यांना यात परकं काय वाटणार?

१९९० च्या अल्बममध्ये ‘सोशल डिस्टॉर्शन’ने कॅशचं ‘रिंग ऑफ फायर’ घेतलं. कॅशच्या १९६३ च्या रेकॉर्डमधले मेक्सिकन ढंगाचे ट्रम्पेट इथे नाहीत, सगळा भार करकरीत गिटारवर. चर्चा याच गाण्याची होते. मला त्याहून त्याच अल्बममधलं ‘बॉल अँड चेन’ मोठं वाटतं. वेग उतरवलेला, कॉर्ड साधे, आवाज बसका. गिटार अकूस्टिक केली तर ते सरळ कंट्रीचंच गाणं होईल. रॉकबिलीचा, म्हणजे कंट्री आणि रॉक अँड रोल यांच्या मिश्रणाचा, तो तारांवर थाप मारत वाजवायचा डबल बास मात्र यांच्याकडे नाही, हेही सांगायला हवं.

लेखात पोशाख आणि केशरचना यांना दोन रकाने दिले आहेत, गाणं मात्र एकाचंही नाव घेऊन सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी चार गाण्यांची यादी चौकटीत छापावी. वाचक ऐकून ठरवतील.

आपला,
एक गिटारवादक, मिरज