गोळीबरोबर माहितीही द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने ज्यांची हृदयाची झडप अरुंद झाली आणि पुढे ज्यांना ‘एट्रियल फिब्रिलेशन’, म्हणजे ठोक्यांची लय बिघडण्याचा विकार जडला, अशा रुग्णांपैकी मी एक आहे. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. झडप बरीच अरुंद असलेल्यांना वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळीच घ्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, साधारण 2 ते 3 च्या दरम्यान राखावा लागतो. तो खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

एवढी नाजूक गोळी आम्हाला मिळते ती ‘एक दिवस अर्धी, एक दिवस पाऊण, पालेभाज्या बंद’ एवढ्या चिठ्ठीवर. खरे तर पालेभाज्या बंद करायच्या नसतात, त्यांचे प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवायचे असते. थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून रोज खाल्ली आणि उपवासाच्या महिन्यात अजिबात टाळली, तर आयएनआर हलतो. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक पोटात रक्तस्राव घडवू शकते. दात काढायचा म्हणून, किंवा नुसते बरे वाटते म्हणून, कित्येक जण डॉक्टरांना न विचारता गोळी सोडतात. याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण यातले बरेचसे मला तरी तपासणीच्या रांगेतल्या जुन्या रुग्णांकडूनच कळले.

गरोदर स्त्रीला माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, तसे कार्ड रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला मराठीत मिळावे. त्यावर आयएनआर, मात्रा आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी. मागे धोक्याच्या खुणा असाव्यात : काळी शौच, लाल लघवी, डोक्याला मार, तसेच तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे. या शेवटच्या तीन खुणा दिसताच सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात तातडीने पोहोचावे, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही हे साडेचार तासांच्या आतच ठरवावे लागते, हेही तिथे ठळक छापावे. तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तपासताना मिनिटभर नाडीही पाहिली, तर ज्यांना काहीच जाणवत नाही असेही काही रुग्ण हाती लागतील.

कार्ड छापणे सोपे आहे. आयएनआरची तपासणी मात्र ग्रामीण रुग्णालयांत वर्षभर, किट न संपता चालू राहायला हवी आणि त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक रुग्ण