कंस जुळले, चूक तशीच

माननीय संपादक,

सातपूर-अंबडच्या कारखान्यांना ड्रॉइंग करून देणाऱ्या आमच्यासारख्या कार्यालयांत नोकरीला येणाऱ्या मुलांना ऑटोलिस्प (ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी लिस्प या प्रोग्रामिंग भाषेची बोली) येते का, हे हल्ली आवर्जून विचारावे लागते. ऑटोकॅडच्या स्वस्त एलटी आवृत्तीतही २०२४ पासून ते चालू लागल्यामुळे तर अधिकच. मुले ‘येते’ म्हणतात, पण त्यांना येते ते तयार प्रोग्राम लोड करणे. तो अडला की पुढे काय करायचे, हे क्लासमध्ये कोणी शिकवलेले नसते.

एक नेहमीचे उदाहरण देतो. फ्लँजच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) पीसीडीवर, म्हणजे छिद्रांचे मध्य ज्यावर येतात त्या वर्तुळावर, ८ छिद्रे काढायची असतात. मोजणीचा आकडा ‘आय’ शून्यावर ठेवायचा, तो ८ पेक्षा कमी आहे तोवर ‘व्हाइल’च्या (अट खरी असेपर्यंत आतल्या ओळी पुन्हापुन्हा चालवणाऱ्या आज्ञेच्या) आत वर्तुळ काढायचे आणि आय एकाने वाढवायचा, इतके साधे काम. मुलगा घाईत ‘व्हाइल’ची अट लिहितो आणि त्याच ओळीवर एक कंस जास्त टाकतो. त्या कंसाने ‘व्हाइल’ तिथेच संपते आणि वर्तुळ व वाढ या दोन्ही ओळी त्याच्या बाहेर पडतात. लोड करताना ‘एक्स्ट्रा राइट पॅरेन ऑन इनपुट’ (बंद करणारा एक कंस जास्त आहे) असा संदेश येतो, कारण लिस्प केवळ कंसांच्या जोड्या लावत जाते आणि जोडी नसलेला कंस तिला अगदी शेवटी सापडतो. मुलगा शेवटचा कंस खोडतो. संदेश नाहीसा होतो, प्रोग्राम लोड होतो, आणि चालवताच ऑटोकॅड गोठते: आय शून्यावरच आहे, अट कायम खरी आहे आणि ‘व्हाइल’च्या आत ती बदलणारे काहीच उरलेले नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

एस्केप दाबून बाहेर पडल्यावर बहुतेक मुले पुन्हा कंस मोजायला बसतात. त्याचा उपयोग नाही, कारण संख्या आता बरोबरच आहे. चुकली आहे ती जागा. ऑटोकॅडमधल्या व्हिज्युअल लिस्पच्या संपादकात (कोड लिहायच्या खिडकीत) कोड फॉरमॅट करण्याची सोय आहे. ती ओळींचा समास आपल्या मनातल्या रचनेवरून नव्हे, तर प्रत्यक्ष कंसांवरून ठरवते, त्यामुळे ‘व्हाइल’च्या पोटात असायला हवी ती वर्तुळाची ओळ त्याच्या रांगेत येऊन बसली की दोष नजरेला पडतो. खात्री करायची असेल, तर ‘व्हाइल’च्या सुरुवातीच्या कंसाशी दोनदा क्लिक करावे, त्याच्या जोडीच्या कंसापर्यंतचाच मजकूर निवडला जातो. (छिद्रे भलत्याच जागी पडली, तर मात्र कंसांना दोष देऊ नये, कोन आणि अंतरावरून बिंदू काढणाऱ्या ‘पोलर’ला कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये लागतो.)

दुसरा घोळ उसनवारीचा. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या लिस्पच्या पुढे अनेक बोली झाल्या; कॉमन लिस्पमधला ‘लूप’ इंटरनेटवरून उचलून ऑटोलिस्पमध्ये टाकला, तर असे फंक्शनच नाही, असे उत्तर मिळते. यादीतल्या एकेका घटकावर काम करायला कॉमन लिस्पमध्ये ‘डूलिस्ट’ आहे, त्यात चल आणि यादी एका कंसात बांधतात; ऑटोलिस्पच्या ‘फोरईच’मध्ये ती दोन्ही सुटी लिहितात. हे ठाऊक नसलेला मुलगा निर्दोष वाक्यरचनेतही तासन्‌तास चूक शोधत राहतो.

कॉलेज रोडवरील क्लासचालकांना आणि तंत्रनिकेतनांतील शिक्षकांना माझी विनंती आहे, की प्रात्यक्षिक परीक्षेत चालू प्रोग्राम लिहून घेण्याबरोबरच एक बिघडलेला प्रोग्रामही हाती द्यावा. संदेश कोणता आला, तो कोणत्या ओळीकडे बोट दाखवतो आणि दोष खरोखर कोणत्या ओळीत आहे, हे तीन मुद्दे मुलांकडून जर्नलमध्ये मराठीत लिहून घ्यावेत, आणि केवळ शेवटचा कंस खोडून संदेश घालवणाऱ्याला गुण देऊ नयेत.

– एक ड्राफ्ट्समन, सिडको, नाशिक