रश्मीच्या बाळाचा रिपोर्ट

प्रिय सुमे,

तुझ्या लेकीच्या, रश्मीच्या बाळाचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मिळाला. फोनवर तुला रडू आवरेना, आणि मागे घरातली माणसं बोलत होती, म्हणून म्हटलं लिहूनच कळवावं. निवांत वाच. वसंतरावांनाही दे वाचायला.

आधी ते ग्रहणाचं निकालात काढू. रश्मीनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाला फोड आले, असं तुझ्या वन्सं, म्हणजे रश्मीच्या सासूबाई, म्हणतात ना? तिनं चिरली असेल नाहीतर नसेल. हा दोष तुमच्या घरात रश्मीच्या जन्माआधीपासून आहे, आणि रिपोर्टात तो स्पष्ट लिहिलाय.

‘एपिडर्मोलायसिस बुलोसा’ हे आजाराचं नाव, ‘डिस्ट्रॉफिक, रिसेसिव्ह’ हा त्यातला प्रकार. ‘सीओएल-७-ए-१’ हे जनुक. ते तिसऱ्या गुणसूत्रावर असतं आणि त्याच्याबरहुकूम शरीर सातव्या प्रकारचं कोलॅजन बनवतं. तू गोधड्या शिवतेस, तुला चटकन कळेल. वरचा थर खालच्या थराला टाक्यांनी धरलेला असतो ना, तसे या कोलॅजनचे बारीक धागे वरची कातडी खालच्या थराला धरून ठेवतात. बाळाच्या कातडीत हे टाकेच नाहीत. थोडं घासलं की वरचा थर सुटतो आणि मध्ये पाणी भरतं. जन्मल्यावर मनगटाला नावाची पट्टी बांधली, तिच्याखालीच फोड उठला. सलाइनची चिकटपट्टी ओढली तर कातडी सोबत आली. कुणाची नजर नाही की कुणाचा शाप नाही.

आता सचिनचा प्रश्न: आम्हा दोघांना साधा फोड नाही, मग बाळाला कसं? मी आयुष्यभर बारावीच्या पोरांना मेंडेलचे वाटाणे शिकवले, पण हे घरच्या माणसांना सांगताना जीभ अडखळते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. रश्मीची एक प्रत बिघडलेली आहे, दुसरी चांगली, सचिनचंही तसंच. चांगली प्रत पुरेसं कोलॅजन बनवते, म्हणून दोघांना काही जाणवलं नाही. बाळाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. त्याच्या दोन्ही प्रतींत एकाच जागी, मजकूर अर्ध्यावर असतानाच ‘थांबा’ असा संकेत आलाय, म्हणून कोलॅजन पुरं बनतच नाही.

एकाच जागी तोच बिघाड, हे महत्त्वाचं. सचिन रश्मीचा आतेभाऊ. तिच्या आजोबांकडे किंवा आजीकडे ही एक बिघडलेली प्रत असणार. त्यांच्याकडून ती वसंतरावांकडेही आली आणि वन्संकडेही, पुढे रश्मीत आणि सचिनमध्ये, आणि बाळात दोन्ही वाटा एकत्र झाल्या. म्हणजे सून म्हणून रश्मीवर जो ठपका येतोय, तो सासूच्या रक्तातूनही तितकाच येतो. पण सुमे, हे वन्संना ऐकवायचं हत्यार म्हणून वापरू नकोस. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं! आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि बहुतेक घरांत मुलं धडधाकट होतात. असे झाकलेले दोष आपल्या सगळ्यांतच असतात. नात्यात लग्न झालं की तेच दोष समोरासमोर यायची शक्यता वाढते, एवढंच.

रश्मीनं इंटरनेटवर वाचलं की आईबापांपैकी एकाला असलं तरी मुलाला होतं. तेही खरंच आहे, पण ते दुसऱ्या प्रकारात. हे कोलॅजन तीन पदरांच्या पिळाचं. काही घरांत जनुकात एकच अक्षर बदलतं, वाकडा पदर तयार होतो आणि चांगल्या पदरांत मिसळून सगळा पीळ बिघडवतो. तिथे एकच बिघडलेली प्रत पुरते, आणि आजार बहुतेकदा सौम्य असतो. जनुक तेच, रीत वेगळी. तुमच्याकडे तसं नाही.

सचिननं ती जर्मनीची बातमी पाठवली. ती खरी आहे. २०१५ साली तिथे सात वर्षांच्या एका सीरियन मुलाला जनुक दुरुस्त केलेली कातडी बसवली, अंगाच्या जवळजवळ ८० टक्के भागावर. पण त्याचा प्रकार ‘जंक्शनल’ होता, जनुक ‘एलएएमबी-३’. आपल्या बाळाच्या जनुकासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये एका जेलला मान्यता मिळाली. आठवड्यातून एकदा जखमेवर लावायचं, त्यातला निरुपद्रवी केलेला विषाणू चांगली प्रत पेशीत नेऊन सोडतो. ती प्रत कायमची बसत नाही, म्हणून लावत राहावं लागतं, आणि वर्षाचा खर्च कोटींत जातो. घर विकायच्या गोष्टी सचिनला आत्ताच करू देऊ नकोस.

हातात आहे ते नीट करा. बाळाला काखेत धरून उचलायचं नाही. एक हात ढुंगणाखाली, एक मानेमागे. झबली उलटी घाला, शिवण बाहेर राहील अशी. फोड मोठा झाला तर निर्जंतुक सुईनं खालच्या बाजूला टोचून पाणी काढायचं, वरची कातडी मात्र तशीच ठेवायची. डॉक्टरांकडून एकदा हातानं करून दाखवून घ्या. चिकटपट्टी घरात नकोच. बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ती वेगवेगळी बांधायची असतात, हे आत्तापासून विचारून ठेवा.

रश्मीला पुढचं मूल हवं असेल तर प्रत्येक खेपेला धोका चारात एक. एक आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. बिघाड नेमका कुठे आहे ते आता माहीत आहे, त्यामुळे गरोदरपणी अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा अंश घेऊन तपासता येतं. घरात कुणी म्हणेल की गर्भतपासणीला कायद्यानं बंदी आहे. बंदी लिंग सांगायला आहे. अशा आजारासाठी नोंदणी झालेल्या केंद्रात तपासणी चालते.

आणि रश्मीच्या बहिणीचं, वैशूचं. वन्संच्या धाकट्याशी तिचं जमवायचं चाललंय म्हणालीस. मोडा असं मी म्हणत नाही, पण साखरपुड्याआधी दोघांचं रक्त तपासा. दोघांपैकी प्रत्येकाकडे ही प्रत असण्याची शक्यता निम्मी आहे. आता सगळं जनुक वाचायला नको, ती एकच जागा बघायची, त्यामुळे खर्चही बेताचाच. बाळाचा रिपोर्ट सोबत न्या. एकाकडे जरी नसली तरी त्यांच्या मुलांना हा आजार व्हायची भीती जवळजवळ उरत नाही. वन्संशी बोलायला जड जात असेल तर मला सांग, रविवारी फोन मीच करते.

तुझी,
मंदा