माळ्यावरची ट्रंक

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर विचारलंत, "माळ्यावरच्या ट्रंकेचं काय करू? रविवारी रद्दीवाला येतोय." मी कळवतो म्हणालो. फोनवर सांगितलेलं तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई स्वतःच्या मनाने सांगते, म्हणून लिहूनच पाठवतोय.

आधी फेकायचं काय ते. पक्ष्यांचे सगळे रंगीत प्रिंट खुशाल द्या. भिगवणचे रोहित म्हणून मी पाहुण्यांना दाखवत बसायचो ते खरं तर उजनीच्या पाण्यावरचे गुलाबी ठिपके आहेत. आता शेजारचा कॉलेजातला मुलगा त्याहून बरे काढतो. माझे कॅमेऱ्यांचे रिकामे खोकेही द्या. ते मी का जपले, कोण जाणे.

निगेटिव्ह मात्र देऊ नका. बटरपेपरची पाकिटं एकेक उघडून नुसता वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते पाकीट वेगळ्या डब्यात टाका. जुनी फिल्म कुजायला लागली की असा वास येतो, आणि त्या वाफेने शेजारचीही लवकर बिघडते. हे काम आईला द्या. दूध नासलंय हे तिला पातेल्याचं झाकण न काढता कळतं.

तळाशी पेंटॅक्स असेल. काकांनी मस्कतहून आणलेला, के-१०००. त्याच्या लेन्समध्ये आता कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असणार, कारण मी तो बारा पावसाळे चामड्याच्या कव्हरात घालून ठेवला. चामडं ओल धरतं. हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. तरी बॉडी चालेल. त्यात सगळं यांत्रिक, सेल लागतो फक्त प्रकाश मोजायच्या काट्याला. त्या मीटरला बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर टोपण घातलं की काट्याला अंधार, तीच त्याची झोप. म्हणून आई, तू सारखी "टोपण घाल, टोपण घाल" म्हणायचीस ते बरोबर होतं. मला वाटायचं, तू काचेवर धूळ बसेल म्हणून म्हणतेस.

आता खरी गोष्ट. एका कोपऱ्यात आग्फा क्लिक थ्रीच्या पहिल्या रोलचं पाकीट आहे, १९८१चं. बाबा, तो कॅमेरा तुम्ही घेऊन दिलात आणि मी बाराच्या बारा फोटो मागच्या अंगणातल्या जाईच्या वेलातल्या बुलबुलाच्या घरट्यावर घालवले. मागच्या लाल खिडकीत आकडा बघत रोल पुढे सरकवायचा आणि हातभरावरून क्लिक. त्या कॅमेऱ्याला जवळचं काही दिसत नाही, हे मला कुठे माहीत! रोल धुऊन आला तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोललात, "हे घरटं आहे की कडब्याची पेंडी?" पैशांबद्दल अवाक्षर नाही.

पुढचं मी कुणाला सांगितलं नाही. घरट्यावर उजेड पडेना म्हणून मी वेलाच्या दोन फांद्या कात्रीने कापल्या होत्या. तीन अंडी होती, गुलाबीसर, वर तपकिरी शिंतोडे. दुसऱ्या दिवशी कावळ्याने नेली. मी सांगितलं, मांजराने खाल्ली. आई, तू त्या मांजरीला आठवडाभर दूध घातलं नाहीस. ती दारात बसून ओरडायची आणि मी गणिताच्या वहीत डोकं खुपसायचो. चाळीस वर्षांहून जास्त झाली, पण विणीच्या दिवसांत मी कुठल्याही घरट्यासमोर कॅमेरा काढत नाही, त्याचं कारण हे. बरोबरचे हसतात, मी पाय दुखतात म्हणून सांगतो. ते पाकीट ठेवा. त्यात बघण्यासारखं काही नाही, तरी ठेवा.

शेवटचं म्हणजे निळ्या पुठ्ठ्याची वही. ही हरवली तर मात्र मी रागावेन. कासला आपण एसटीने जायचो, तेव्हा तिथे ना तिकीट होतं ना बुकिंग. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर ते जागतिक वारशात गेलं आणि आता सप्टेंबरात फुलांपेक्षा माणसं जास्त. तेव्हा मी जांभ्यावर पालथा पडून दवबिंदू काढायचो. ती बोटाच्या पेराएवढी वनस्पती, केसांवर चिकट थेंब, त्यात अडकलेलं चिलट. अगदी जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स परवडत नव्हती, म्हणून नेहमीची पन्नास मिलिमीटरची लेन्स उलटी लावायची. स्लाईडची फिल्म महाग, उजेड जरा चुकला की पांढरं फटफटीत. रोल पुण्याला पाठवून परत येईपर्यंत कुठल्या फोटोला लेन्सच्या छिद्राचा आणि शटरच्या वेगाचा कुठला आकडा लावला होता ते आठवायचं नाही. आता कॅमेराच सगळं लिहून ठेवतो. तेव्हा आई, तू लिहायचीस. एका हातात छत्री माझ्यावर, दुसऱ्या हातात पेन, वही गुडघ्यावर, आणि मी खालून ओरडणार, "आठ, तीस!" तू शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखले होतेस: फूल, आकडे, ऊन, शेरा. मधल्या पानांवर किराण्याची यादीही आहे. साबुदाणा एक किलो, खाली सीतेची आसवं, अकरा, साठ.

मी दुसऱ्या शनिवारी येतो. स्कॅनर घेऊनच येतो, दोन दिवस राहीन. तोवर वही फडक्यात गुंडाळून देवघराच्या खणात ठेवा, उंदीर तिकडे जात नाहीत. त्यातलं एक पान मला पाठ आहे. सतरावा फोटो, दवबिंदू. आठ, तीस. ऊन नाही. आणि शेऱ्याच्या रकान्यात तुझ्या अक्षरात: "पाठ पूर्ण भिजली. ऐकत नाही."

तुमचा,
बाळू