काल्मिकियाच्या मधल्या तेरा वर्षांचे काय?

महोदय,

युद्धोत्तर पुनर्बांधणीतील तरुणांच्या वाट्याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखात काल्मिकियाचा उल्लेख पाहून समाधान वाटले. रशियाच्या युरोपीय भागात असूनही परंपरेने बौद्ध असलेल्या या प्रदेशाची आपल्याकडे एरवी कोणी दखल घेत नाही. मात्र कोमसोमोल या सोव्हिएत युवक संघटनेच्या कामाची हकिगत १९४३ मध्ये सोडून लेखकाने एकदम १९५७ गाठले आहे.

जर्मन फौजा हटल्यावर ३१ डिसेंबर १९४२ रोजी काल्मिकियाची राजधानी एलिस्ता मुक्त झाली, तेव्हा शहराचा मोठा भाग जळून गेला होता. धडधाकट पुरुष आघाडीवर असल्याने उपसाउपशीचे काम बहुतांशी मुली आणि पोरसवदा मुलांवरच आले. पानशेत फुटल्यावर १९६१ साली आमच्या वाड्यातला गुडघाभर गाळ घमेल्यांनी उपसणारी कॉलेजची मुले मी लहानपणी पाहिली आहेत, त्यामुळे अशा श्रमांचे मोल मला ठाऊक आहे. फरक इतकाच, की आमच्या त्या मुलांना पुढे कोणी गावातून हाकलले नाही.

एलिस्ताच्या मुक्ततेला वर्ष पुरे होण्याआधीच, २८ आणि २९ डिसेंबर १९४३ रोजी, काही जणांनी शत्रूशी हातमिळवणी केल्याचा ठपका सबंध समाजावर ठेवून सुमारे ९३ हजार काल्मिकांना ४६ रेल्वेगाड्यांतून ऐन थंडीत सैबेरियाकडे रवाना करण्यात आले. कोमसोमोलचे सभासदत्व कोणाच्या कामी आले नाही. जन्माने काल्मिक असणे एवढेच पुरेसे होते. १९४४ मध्ये तर आघाडीवरचे काल्मिक सैनिकही माघारी बोलावले गेले आणि त्यांतील अनेकांना उरलमधील कोस्वा नदीवर, शिरोकोव्स्काया जलविद्युत केंद्राच्या बांधकामाला जुंपण्यात आले. स्वायत्त प्रजासत्ताक रद्द झाले, एलिस्ताचे नावही पुसून ‘स्तेपनोय’ करण्यात आले.

१९५७ मध्ये परतीची वाट मोकळी झाली आणि १९५८ मध्ये प्रजासत्ताक पुन्हा अस्तित्वात आले. तेव्हाच्या बांधकामातही युवक संघटना होतीच, आणि ते श्रेय तिला जरूर द्यावे. परंतु त्या वेळी विटा वाहणाऱ्यांत सैबेरियात लहानाची मोठी झालेली, मायभूमी प्रथमच पाहणारी मुलेही होती, हे सांगितल्याविना त्या उत्साहाचा अर्थ वाचकाला कसा लागावा? सोव्हिएत संसदेने १४ नोव्हेंबर १९८९ रोजी अशी सक्तीची स्थलांतरे बेकायदा ठरवली. मॉस्कोने जे मान्य केले, ते पुण्यात छापायला संकोच नसावा.

लेखाचा उत्तरार्ध पुढील रविवारी येणार असल्याचे नमूद आहे. त्यात ही तेरा वर्षे यावीत, ही विनंती.

— एक निवृत्त इतिहास शिक्षक, पुणे